सत्ताविसावा अंगठा

जानेवारीतल्या ग्रामसभेत सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात माझ्याइतक्या सरळ रेघा कुणी मारत नाही. "वर अर्धं पान कोरं ठेवा मॅडम, ठराव मागनं लिहितो," ग्रामसेवक म्हणाले. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. मी ठेवलं. खाली अनुक्रमांक, नाव, सही असे रकाने आखले.

शेजारचे मेंढपाळ आजोबा मागच्या मागे निघाले होते. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं.

"कशाचा अंगठा म्हणायचा, बाई?"

"हजेरीचा हो, आजोबा."

"जन्मात शाळंची पायरी चढलो न्हाई, आन् आता म्हातारपणी हजेरी व्हय!"

सगळे हसले. त्यांनी हसतच अंगठा उठवला. सत्तावीस नंबर.

मार्चमध्ये गायरानात चुन्याच्या रेघा दिसल्या. मग लाल आकडे टाकलेले दगड. आजोबांची मेंढरं तिथंच चरतात, दुसरीकडे गवताची काडी नाही. मी रोज कॉलेजला जाताना ते दगड बघत होते आणि स्कूटर थांबवत नव्हते.

त्याच आठवड्यात अकरावीला नैसर्गिक हक्क शिकवत होते. हक्क सरकार देत नाही, ते माणसाजवळ आधीपासून असतात; सरकार उभं राहतं ते लोकांच्या संमतीवर. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "पण मॅडम, संमती दिली हे कळणार कशावरून?"

"सहीवरून," मी पटकन म्हणाले आणि खडू हातातच राहिला.

दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर उघडलं. माझे रकाने जिथल्या तिथं होते. वरच्या कोऱ्या जागेत वेगळ्या शाईनं ठराव उतरला होता: गायरान सौर प्रकल्पास द्यावे, चराई बंद करावी, कोणाचीही हरकत नाही. सर्वानुमते मंजूर. चराई बंद करा म्हणणाऱ्यांत सत्तावीस नंबरचा अंगठा होता. माझी सही पहिली.

संध्याकाळी तहसीलदारांच्या नावे हरकतीचा अर्ज लिहिला. वर कोरी जागा ठेवली नाही. आजोबांच्या अंगणात बसून अख्खा वाचून दाखवला, ग्रामसभेच्या पानावर काय लिहिलंय तेही सांगितलं.

"आमी कवा म्हणलो असं?"

"नाही म्हणालात. म्हणूनच हा अर्ज. इथं अंगठा द्या."

मी शाईचा पॅड उघडून पुढे केला. त्यांनी पॅडकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात घोंगड्यात घेतला.

"तवाबी तुमीच हुता की, बाई."

मी पुन्हा वाचते म्हणाले. त्यांचा हात घोंगड्याबाहेर आला नाही. गायरानाकडून खड्डे पाडायच्या मशीनची घरघर येत होती आणि वाड्यातली मेंढरं त्या आवाजाकडे तोंड करून उभी होती.

अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला. अनुक्रमांक एक, माझी सही. खालचे आखलेले रकाने रिकामे.