बाराव्या प्रकरणातली बायको

माझा मामा दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलाच्या खणात नंबरांच्या वहीखाली त्याची कादंबरी. हिऱ्यांच्या हाराची चोरी, इन्स्पेक्टरचा तपास, अठरा प्रकरणं. नऊ वर्षं लिहितोय. एवढ्या काळात खरा चोर शिक्षा भोगून घरी आला असता.

पेशंट नंबराची वाट बघत बसले की मामा वाचायला लागतो. बिचारे पळणार कुठे? मामाचं लक्ष मात्र कागदापेक्षा त्यांच्या हातांवर. ऐकता ऐकता कुणाचा हात गालाकडे गेला, की समासात लाल फुली.

"दुखणं आठवलं म्हणजे गोष्ट सैल पडली," हे त्याचं शास्त्र. फुल्या वाढल्या की पान रद्द. अशी दोनशे पानं त्याने उपटली, तीही भूल न देता.

अडलं ते बाराव्या प्रकरणाशी. त्यात इन्स्पेक्टरची बायको येते, म्हणजे माझी मामी. "तुला मी कादंबरीत घालणार," असा शब्द मामाने लग्नाच्या वर्षी दिला होता आणि मामीने तो माहेरी सगळ्यांना सांगून ठेवला होता. ती येते त्या एकाच प्रकरणात, बाकी कुठेच नाही. आणि नेमकं तेच फुल्यांनी लालेलाल.

"काढून टाक की," मी म्हटलं.

"आणि जेवू कुठे? तुझ्याकडे?"

हस्तलिखित महिनाअखेर प्रकाशकाकडे द्यायचं होतं. त्याच आठवड्यात मामीची दाढ ठणकली. नंबर तिसरा. मामाने धीर करून बारावं प्रकरण वाचायला घेतलं. बायको खिडकीत उभी आहे, बायको हसते, बायकोचे डोळे भरून येतात. दुसऱ्याच पानावर मामीचा हात गालाला.

मामाचा चेहरा पडला. "दाढ फार दुखतेय का गं?"

"दाढ कसली! अहो, ही बाई केव्हाची खिडकीत उभी आहे. पाय नाही का भरून येत हिचे? आणि नवरा इन्स्पेक्टर असून हिला कशाचाच पत्ता नाही? तुम्ही कुठे काय खाऊन आलात ते मी शर्टावरून सांगते."

"मग काय, काढू तुला?"

"काढता कशाला? काहीतरी काम द्या मला!"

मामाने प्रकाशकाकडून महिना वाढवून घेतला. खिडकी गेली, भरलेले डोळे गेले. आता बायको नवऱ्याचा शर्ट धुवायला घेते आणि खिशात तिला हार विकल्याची पावती सापडते. चोर खुद्द इन्स्पेक्टर! त्यापायी मामाला पहिल्या प्रकरणापासून मागे जाऊन खुणा पेरत यावं लागलं.

नवं प्रकरण वाचलं तेव्हा समोर एक गाल सुजलेला गृहस्थ होता. आतून डॉक्टरांनी हाक मारली. गृहस्थाने हात वर केला. गालाकडे नाही, दुसऱ्या पेशंटला पुढे घालायला. "तुम्ही जा हो आधी. इथे पावती सापडलीय."

शेजारी दुसऱ्या खेपेला आलेली मामी बसली होती. ती त्याच्याकडे झुकून म्हणाली, "ती बाई मीच, बरं का."

गृहस्थाने एकदा मामीकडे बघितलं आणि एकदा मामाच्या खिशाकडे.