पैलवान कृष्णात आणि न्यूमोथोरॅक्स

आमच्या शेजारच्या कृष्णात पैलवानाला भुका दोनच. एक म्हशीच्या दुधाची, दुसरी लोकांनी आपल्याकडं बघावं याची. सदरा शिवायला टाकला की शिंप्याला छाती दोनदा मोजायला लावायचा. पहिल्या खेपेला दुकानात गिऱ्हाईक नसायचं ना!

तासगावच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या तालमीत त्याच्या वरचढ एकच गडी, गुंडा. त्याला पाडायचं म्हणून कृष्णातनं सहा वर्षं घाम गाळला आणि चौसष्ट सालच्या जत्रेत त्याची पाठ लावली. पंच फेटा बांधायला पुढं आले, तोच गुंडा छाती धरून खाली बसला. दम घेता येईना. सगळं मैदान तिकडं पळालं. कुणाची तरी जीप आणून त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. फेटा पंचाच्या हातातच राहिला.

पुढं पंधरा दिवस गावात दुसरा विषय नाही. गुंडाच्या बरगड्यांत नळी घातलीय, ती पाण्याच्या बाटलीत सोडलीय, त्यातनं बुडबुडे येत्यात! बायका दशम्या बांधून बघायला निघाल्या.

मी कुंपणावरनं विचारलं, "काय पैलवान, कुस्ती मारली तरी कुणी?"

"आण्णा, तुमी गप बसा!"

शेवटी निघाला बघायला. अशी संधी मी सोडतोय होय? मीही एस्टीत चढलो.

गेल्या गेल्या त्यानं डॉक्टरांना गाठलं. "ह्येला झालंय तरी काय?"

"न्यूमोथोरॅक्स. फुफ्फुसातली हवा निसटून छातीत कोंडली, फुफ्फुस मिटलं. ग्रीक शब्द आहे. न्यूमो म्हणजे हवा. थोरॅक्स म्हणजे योद्ध्याचं चिलखत. ते छातीवर बसतं, म्हणून छातीलाही तेच नाव."

कृष्णातचं तोंड कडू झालं. माझ्या कानात म्हणाला, "बघा आण्णा! जितलो मी, आन् चिलखत ह्येला!"

तेवढ्यात गुंडानं शेजारच्या खाटांना ओळख करून दिली. "ह्योच त्यो कृष्णात. मला चीत केलं ह्येनं. डॉक्टर आता लंगोट बांधू देत न्हाईत. माजी शेवटची कुस्ती ह्येनंच मारली."

पंधरा दिवस जे ऐकायला गडी तळमळत होता, ते चारचौघांत मिळालं. पण त्यानं मान खाली घातली.

"न्हाई वो," तो म्हणाला, "त्येचा दम सुटला हुता. न्हाईतर मी कुठला पाडतोय त्येला?"

झालं! साऱ्या खाटा पुन्हा गुंडाकडं वळल्या. "असल्या छातीनं लढला म्हणायचा!"

येताना तासगावला एस्टी थांबली. उतरताना कृष्णात म्हणाला, "आण्णा, ही कुस्ती बी त्येनंच मारली."