ठिपके दिलेली वाक्यं

माझ्या वहिनीने एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागद ती आधी शुद्धलेखनासाठी वाचते, मग औषध घेते. मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे आणि त्याच्या पाटीवर रंगाऱ्याने 'शीलाई' असं लिहून ठेवलं होतं. बावीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. माझा भाऊ गेल्यावर वहिनी माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी रंगाचा डबा घेऊन स्टुलावर चढली. दुसरी वेलांटी बुजवली, पहिली काढली. गल्लीतली पोरं उभी राहून बघत होती. तेव्हापासून ती वेलांटीकाकू झाली.

मी तिच्याहून मोठी, म्हणून ती मला अजून 'वन्सं' म्हणते आणि भांडतानाही अहो-जाहो सोडत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

वरच्या मजल्यावर एक इलेक्ट्रिशियन राहतो. बायको रुग्णालयात नर्स. त्यांची बारा वर्षांची मुलगी मनी. खरं नाव वेगळं आहे, पण जिन्यावरून जाता-येता पायाचा आवाज नाही म्हणून मनी. ती बोलताना अडखळते. शाळेत धडा वाचायला उभी राहिली की पहिला शब्द निघेपर्यंत पाळी दुसऱ्याला जायची. एके दिवशी तिने न्हाणीघराची कडी आतून लावली आणि शाळेची वेळ टळेपर्यंत उघडली नाही. सलग चार दिवस हेच झालं. मग आईबापांनी ठरवलं की घरीच शिकवू.

घरी शिकायला हरकत नाही, पण वर्षातून एकदा शिक्षण खात्याचा तपासनीस येऊन वह्या बघतो. पहिल्या वर्षी त्याने गणिताला चांगलं म्हटलं, विज्ञानाला चांगलं म्हटलं आणि लेखनाची वही उघडून लगेच मिटली. लेखन बापाने शिकवलं होतं ना! 'वायर जोडली. दिवा लागला.' असे निबंध. तपासनिसाने लिहूनच दिलं की पुढच्या वर्षीही लेखन असंच राहिलं तर मुलीला शाळेत घालावं लागेल. त्या संध्याकाळी नर्सबाई खाली आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मनी पुन्हा न्हाणीघरात जाऊन बसली होती.

वहिनीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की सोमवारी काम देईन, शनिवारी कच्चं लिखाण माझ्या हातात पाहिजे.

कामं तरी कसली एकेक! स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं लिही, पण 'सुंदर' हा शब्द वापरायचा नाही. एक भांडण लिही, त्यात दोघांचंही बरोबर पाहिजे. वाचनालयातून गोष्टीचं पुस्तक आण आणि गोष्टीत ज्याला कोणी काही विचारलंच नाही, त्याच्या वतीने लेखकाला पत्र लिही. हे शेवटचं ऐकून मी म्हटलं, लेखक मेला असेल तर? वहिनी म्हणाली, मग त्याला उत्तर द्यायची घाई नाही.

शनिवारी कच्ची वही यायची. रविवारी वहिनी लाल पेन घेऊन बसायची आणि सोमवारी वही माझ्या कापायच्या टेबलावर ठेवायची. मनी ती घेऊन जायची आणि पक्क्या वहीत सुधारून उतरवायची. ही पक्की वही तपासनिसासाठी. ती वहिनीने कधी उघडून पाहिली नाही. छापखान्याची सवय! एकदा छापून आलं की परत वाचायचं नाही, तेव्हा सापडलेली चूक नुसता जीव खाते, असं तिचं म्हणणं.

आता ठिपक्यांचं सांगते. सगळा घोळ तिथेच झाला.

वहिनीला तोंडाने 'छान' म्हणता येत नाही. माझ्या भावालाही तिने कधी म्हटलं नसेल. पण छापखान्यात एक रीत असते. एखाद्या शब्दाखाली ठिपके दिले की याला हात लावू नका, आहे तसं राहू द्या, असा अर्थ. छापायची अक्षरं जुळवणारे जुळारी फार शहाणे असतात, लेखकाचं चांगलं वाक्यही 'सुधारून' टाकतात, म्हणून ही राखण. वहिनीला मनीचं जे वाक्य आवडायचं त्याच्याखाली ती लाल ठिपक्यांची ओळ काढायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, ठिपके कोणाला कळत नाहीत?

पहिल्याच सोमवारी मनीने वही उघडून माझ्यासमोर धरली आणि ठिपक्यांवर बोट ठेवलं. मला विचारलं, म्हणजे मला माहीत असणारच! उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या धंद्यात कापडावर खडूचे ठिपके दिले की तिथून कात्री चालते. मी तोंडातल्या टाचण्या न काढताच सांगितलं की अगं, ठिपके म्हणजे तिथे कापायचं.

पोरगी गुणी. कापत गेली.

पहिल्या कामात तिने बापाबद्दल लिहिलं होतं, 'बाबा गावभरचे दिवे दुरुस्त करतात, पण आमच्या जिन्यातला दिवा वर्षभर बंद आहे, कारण घरातल्या दिव्याला फोन करून त्यांना बोलावता येत नाही.' वहिनी ते वाचून एकटीच हसत होती, मी पाहिलंय. पूर्ण वाक्याखाली ठिपके. पक्क्या वहीत काय उतरलं? 'माझे बाबा इलेक्ट्रिशियन आहेत. ते दिवे दुरुस्त करतात. मला ते आवडतात.' आणि हुशार मूल एकच चूक परत परत कशाला करेल? पुढच्या कच्च्या लिखाणातही ती तसली वाक्यं टाळायला लागली. ठिपके कमी कमी होत गेले. रविवारी वहिनीचा चेहरा उतरायला लागला. रोप सुकतंय वन्सं, माझंच काहीतरी चुकतंय, म्हणायची. जेवणही कमी झालं तिचं. मी धीर द्यायची, की वय आहे, मुलं अशीच असतात. उंटावरची शहाणी मी.

तपासनीस यायला दहा दिवस राहिले होते. त्या सोमवारी वहिनीने वही टेबलावर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी अकराला! मी वही चाळली तर आठ पानांत एकही ठिपका नाही. तेवढ्यात मनी आली, तिने पानं उलटली, पुन्हा उलटली आणि उड्या मारायला लागली. दोन वर्षांत त्या मुलीला उडी मारताना मी पाहिलं नव्हतं.

"मावशी, ए-एकही ठिपका नाही. मला ज-जमलं!"

मला आधी काही कळेना. मग हळूहळू उजेड पडला. मनीला तिथेच बसवलं, आत गेले, वहिनीला हलवून उठवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही माझ्याशी जन्मभर बोलणार नाही. चुकलं होतंच माझं, पण चूक कबूल करतानाही मी चिडलेलीच होते. म्हटलं, सरळ 'छान' लिहायला तुझं पेन झिजत होतं का?

वहिनी पदर सारखा करून बाहेर आली आणि मनीसमोर चक्क खाली जमिनीवर बसली. गुडघे दुखतात तिचे, खाली बसली की उठवायला मी लागते. पहिली कच्ची वही मागवली, त्या दिव्याच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मला फार आवडलं होतं. ठिपके दिलेलं सगळंच मला आवडलं होतं. मी तोंडाने सांगायला हवं होतं, बाळ."

मनी वहीकडे बघत राहिली. मग तिने पहिल्या पानापासून ठिपके मोजायला सुरुवात केली, आणि मोजता मोजता हसायला लागली. हसता हसता रडली. मीही रडले. वहिनी तेवढी कोरडी, कारण हातात दहाच दिवस होते आणि पुन्हा उतरवायची चौतीस कामं.

नवी पक्की वही आणली. वहिनीने बजावलं की ठेवायचं की काढायचं ते मनीने ठरवायचं, वहिनीने नाही. रोज सकाळी माझ्या टेबलाच्या एका टोकाला कापड आणि दुसऱ्या टोकाला वह्या. एका वाक्याशी मनी अडली आणि माझ्याकडे चोरून बघायला लागली. मी वही ओढून घेतली. 'खालच्या मावशी रागावल्या की त्यांच्या तोंडातल्या टाचण्यासुद्धा बोलतात.' खाली ठिपके, तेही दुहेरी! वहिनी चष्मा पुसायला लागली. मी म्हटलं, असू दे गं, खरं आहे ते.

तपासनीस आले ते वरच्या घरी. आम्हालाही बोलावलं होतं. माणूस सभ्य, हळू बोलणारा. त्यांनी नवी वही वाचायला घेतली. दोनदा हसले. मग मागची-पुढची पानं पाहिली, शाई एक, वही कोरी करकरीत, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. यात मोठ्या माणसाचा हात लागल्यासारखा वाटतो, असं ते म्हणाले. आली का पंचाईत! वाईट लिहिलं तर शाळा, चांगलं लिहिलं तर संशय. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने माझा पाय दाबला, तोही चांगला जोरात.

त्यांनी एक कोरा कागद मनीपुढे ठेवला. विषय दिला, 'मी घरी का शिकते'. अर्धा तास दिला. नर्सबाई सारख्या पाणी पीत होत्या. इलेक्ट्रिशियन बिचारा एकच बटण चालू-बंद करत उभा होता, शेवटी बायकोने त्याला बसवलं. मनीने वीस मिनिटांत कागद दिला.

साहेबांनी तो वाचला आणि वहिनीला विचारलं, तुम्ही यात काय दुरुस्त कराल? वहिनीने वाचला, 'काही नाही' अशी मान हलवली आणि कागद माझ्याकडे दिला. मला तो आता पाठ आहे.

'शाळेत माझा पहिला शब्द निघेपर्यंत दुसऱ्याची पाळी यायची. खालच्या मावशी सगळ्यांवर ओरडतात. गिऱ्हाइकांवर ओरडतात, काकूंवर ओरडतात. पण मी बोलायला लागले की त्या मशीन थांबवतात. कितीही घाई असली तरी थांबवतात. माझं बोलून झालं की मग पाय परत पायडलवर ठेवतात. माझ्या शाळेत असं कोणी नव्हतं.'

अहो, मशीन मी थांबवते ते ऐकू येत नाही म्हणून! जुनं मशीन, खडखड केवढी, थांबवल्याशिवाय ऐकू कसं येणार? यात माझं काय कौतुक? जिच्या वर्षभराच्या वाक्यांना मी कात्री लावली, ती पोरगी हे लिहिते. मला तिथे बसवेना. मी पदर तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला.

साहेबांनी तपासणीचा अहवाल पुढे ओढला, त्यात शेऱ्याचा एक रकाना होता. ते मनीला म्हणाले, "इथे काय लिहू, तूच सांग."

मनीने तोंड उघडलं. पहिलं अक्षर अडलं. परत अडलं. मला दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची खोड आहे, पण मी ओठ दाबून धरले. तिचा बाप मान खाली घालून होता. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि नुसते बसून राहिले. घड्याळात बघितलं नाही त्यांनी. मिनिटभर तरी गेलं असेल.

"लि-लिहा," मनी म्हणाली, "हिला बोलायला वे-वेळ लागतो, लिहायला लागत नाही."

साहेबांनी पेन उचललं, तेच वाक्य रकान्यात लिहिलं आणि खाली सही केली.