मुरवलेले हातमोजे

वेल्डिंगचे हातमोजे बायकांच्या मापाचे मिळत नाहीत. बायका हे काम करतात हेच कुणाच्या गावी नसावे. पारनेरला आम्हा नवरा-बायकोचे गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचे छोटे वर्कशॉप होते. टिकाऊ हातमोजे म्हणजे जाड चामड्याचे, आणि नवे असताना इतके ताठ की माझी मूठच मिटायची नाही. पातळ घ्यावेत तर चटका थेट हाताला.

ह्यांनी त्यावर रीत पाडली. नवी जोडी आधी हे वापरायचे. पंजे मोठे, मुठीत जोर. चामड्याला घड्या पडून ते सैलावले की जोडी माझ्याकडे टाकायचे. "घे, मुरलेत आता." आणि स्वतः पुन्हा नव्या ताठ जोडीत हात कोंबायचे. सुनेला सासूचे जुने लुगडे मिळावे तसे मला तुमचे उतरलेले, असे मी चिडवायची. ते नुसते हसायचे. ते मोजे मला ढगळ व्हायचे, पण मऊ असायचे.

गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या छातीत कळ आली आणि नगरला नेईपर्यंत सगळे संपले. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत मी शटर उघडले. घरात बसून वेड लागले असते. त्यांनी मुरवलेली एक जोडी शिल्लक होती. ती मी जीव लावून जपली. हलकी कामे उघड्या हातांनी केली, चटके सोसले, उसवलेली शिवण दाभणाने शिवली. शेवटी अंगठ्याचे चामडेच विरले आणि ठिणगी आत शिरली.

नगरच्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकानदाराने जोड्या पुढे टाकल्या. मी एक मोजा चढवून मूठ मिटून बघत होते.

"वहिनी, तुमी कशाला तरास घेता? दादांना धाडा. त्यांना बरूबर कळतं."

त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हते.

"ते न्हाईत आता," मी म्हणाले.

मला तो ताठ मोजा हातातून काढता येईना. शेवटी त्यानेच बोटे धरून ओढला. तेराव्याला न आलेले रडू मला त्या काउंटरवर आले, चार गिऱ्हाइकांसमोर.

मी जाडच जोडी घेतली, त्यातल्या त्यात लहान मापाची. संध्याकाळी मनगटे ठणकायची. मला असे सोडून गेले म्हणून ह्यांचा भयंकर राग यायचा. तरी रोज तेच मोजे घालत राहिले. हळूहळू चामडे वळू लागले, माझ्या मुठीच्या घड्या त्यावर पडल्या. परवा एक जाळी जोडताना लक्षात आले, वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर हातात घट्ट बसलाय, बोटांच्या टोकाला कुठेच जागा उरलेली नाही. इतक्या वर्षांत एकही जोडी मला अशी बसली नव्हती. मी काम थांबवून तिथेच फरशीवर बसले. इतके मापाचे मोजे मला कधीच नको होते.