आईची राहिलेली यात्रा

देवावर तुझा विश्वास आहे का, असं गेल्या वर्षीच्या मे महिन्याआधी कुणी विचारलं असतं, तर मी विषय बदलला असता. अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या आमच्या घरात देव्हारा आहे, चतुर्थीला मोदकही होतात. पण हात जोडताना माझं मन ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचं. त्या दिवसांत तर देवापुढे उभं राहायलाच नको वाटायचं. कारण मनात एक बोच होती, आणि ती आईबद्दलची होती.

आई नागपूरला एकटी राहते. बाबा गेल्यापासून भजनी मंडळातल्या बायकांबरोबर अमरनाथला जायचं तिच्या मनात होतं. एका वर्षी गुडघा दुखावला, एका वर्षी माझं लग्न निघालं, असं करता करता ती एकोणसत्तर वर्षांची झाली. सत्तरीनंतर त्या यात्रेला परवानगी मिळत नाही, म्हणून यंदा जायचंच, असं ठरवून ती रोज पहाटे तलावाकाठी चालायला लागली होती. आणि तेव्हाच माझ्या गरोदर बायकोला, केतकीला, डॉक्टरांनी सक्त बेडरेस्ट सांगितली. फोनवर मी रडकुंडीला आलो होतो. “मी येते,” आई म्हणाली. यात्रेचं नावही तिनं काढलं नाही. आमची मुलगी वेळेआधी जन्मली, कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत होती. परतीचं तिकीट ऑगस्टपर्यंत पुढे ढकल, असं आईनंच मला सांगितलं. अमरनाथची यात्रा जुलैत असते.

बाळ घरी आलं आणि आमचा जीव भांड्यात पडला, पण ती बोच गेली नाही. एक दिवस कळलं की आमच्यापासून अडीच तासांवर न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरात काही गुहा आहेत, आणि त्यांत उन्हाळा तोंडावर आला तरी बर्फ टिकतो. मी लगेच मेमधल्या एका बुधवारी सुट्टी टाकली. केतकीची मैत्रीण दिवसभर घरी येऊन राहिली आणि मी आईला घेऊन निघालो. खरं सांगायचं तर मला आईला आनंद द्यायचा होता, त्याहून जास्त मला स्वतःला त्या बोचेतून सुटका हवी होती.

पायवाट दीड-दोन मैलांची, पण चढाची होती. वाट चुकू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांवर निळ्या रंगाच्या खुणा केलेल्या होत्या. साडीवर माझे जुने बूट घालून आई ‘ॐ नमः शिवाय’ पुटपुटत न थांबता चढली. धाप मलाच लागत होती. वाटेत एकही माणूस भेटला नाही. वर दोन प्रचंड कातळांमधून लाकडी शिडी खाली उतरत होती, आणि तळाशी, अंधूक उजेडात, खरोखरच बर्फ होता. भिंतीला टेकून उभा राहिलेला, कमरेएवढा उंच, निळसर पांढरा.

“आई, हात जोड नं,” मी फोन काढून म्हणालो. सगळ्या नातेवाइकांना तो व्हिडिओ पाठवायचं मी आधीच ठरवलं होतं.

आई थोडा वेळ बर्फाकडे बघत राहिली. “छान आहे रे. पण माझी समजूत काढायला आणलंस होय मला? मी कुठे नाराज आहे?”

तरी माझ्यासाठी तिनं हात जोडले. ती पूर्ण दिसावी म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो आणि पाय निसटला. घोट्यातून आलेला तो आवाज मला अजून आठवतो. फोन हातातून उडाला आणि कातळाच्या फटीत कुठेतरी खोल गेला. आईच्या फोनला नेटवर्क नव्हतं.

मी उभा राहायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आईनं आपली शाल माझ्याभोवती गुंडाळली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. “मी कोणाला तरी घेऊन येते.”

“तू नको जाऊस! वाट चुकशील. तुला इथलं बोलताही येत नाही.”

“झाडं रंगवलेली आहेत नं? मग झालं तर.” आणि ती शिडी चढून गेलीसुद्धा.

आमच्या घराजवळच्या कोपऱ्यापलीकडे एकटी कधी न गेलेली माझी आई त्या परक्या डोंगरात एकटी गेली. पुढचे दोन तास मी कसे काढले, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. आधी ओरडलो. मग रांगत शिडीपर्यंत गेलो, पण पहिल्या पायरीवरूनच परत घसरलो. ती पडली असेल, भलत्या वाटेला लागली असेल, संध्याकाळ झाली तर काय, हेच डोक्यात फिरत होतं. आयुष्यभर मी सगळं आखून करत आलो होतो. त्या क्षणी आखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एकही स्तोत्र आठवेना. शेवटी डोकं कातळाला टेकून मी एवढंच म्हणालो, “आता ती तुझ्याकडे आहे.” कुणाला म्हणालो, माहीत नाही. पण ते बोलल्यावर आतली झटापट थांबली. दुखणं तेवढंच होतं, थंडी तेवढीच होती. पण माझी भीती हळूहळू ओसरली. बर्फावरून एक-एक थेंब खाली पडत होता, आणि मी तो ऐकत बसलो.

माणसाची चाहूल लागली तेव्हा वर अजून उजेड होता. साठीतला एक उंच गृहस्थ शिडी उतरून आला आणि त्याच्यामागून आई. त्यानं खालूनच, स्वतःच्या फोनवरून, रेस्क्यूच्या पथकाला कळवलं होतं. ते येईपर्यंत आईनं गाडीत बसावं म्हणून त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं, पण तिनं त्याचा हात धरला आणि त्यालाच डोंगराकडे ओढलं, असं तो हसत सांगत होता. “सन, लेग, आइस,” तीन शब्दांत आईनं सगळं सांगितलं होतं.

बाकीचं मला नंतर आईकडून कळलं. उतरताना एका ठिकाणी वाटेला दोन फाटे होते आणि खूण केलेलं झाड वादळात पडलेलं होतं. कुठे जावं कळेना, म्हणून ती डोळे मिटून उभी राहिली. तेवढ्यात खालून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि ती त्या दिशेनं गेली. तो माणूस खरं तर कधीच घरी निघाला होता. चालायची काठी वाटेच्या सुरुवातीच्या पाटीपाशी विसरली, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतला होता. त्यानं मला त्याचं नाव सांगितलंही असेल. दुखण्याच्या भरात ते माझ्या लक्षात राहिलं नाही. नंतर दोनदा डोंगराच्या पायथ्याच्या त्या पार्किंगला जाऊन आलो. तो भेटला नाही. याला योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझ्यापुरती मात्र मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो.

जुलैत माझा पाय प्लास्टरमध्ये होता. एका दुपारी मंडळातल्या बायकांनी अमरनाथहून फोटो पाठवले. आई एक-एक फोटो मोठा करून बघत होती. मला राहवलं नाही. “माझ्यामुळे तुझं राहिलं गं, आई.”

तिनं फोन बाजूला ठेवला. “त्या गुहेत एकटा बसून काय करत होतास?”

कातळाला डोकं टेकून म्हटलेलं ते एक वाक्य मी तिला सांगितलं. याआधी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “मी अमरनाथला जाऊन हेच तर म्हणणार होते रे. तुझ्यासाठी.”

आत बाळ रडायला लागलं. “आले, आले गं,” म्हणत ती उठून गेली.