हिच्या सिममधली नावं

मंडळी, आज घमापूरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो होतो. ही जाऊन तीन वर्षं झाली. हिचं जुनं, मोठं सिम माझ्या नव्या फोनच्या खाचेत बसेना.

"बाबूजी, काटना पड़ेगा," दुकानातली दीदी म्हणाली.

"और अंदर के नाम मिट गए तो?" मी सिम मागे ओढून विचारलं.

"नाम तो इस सुनहरी चिप में हैं. प्लास्टिक सिर्फ पकड़ने के लिए है. और ये कोना कटा है, ताकि उल्टा न लगे."

सिम बसलं. नावं उमटली.

"बाबूजी, ये 'कवीजी' कौन हैं?"

नंबर माझाच होता. मी शाळेतल्या कविता म्हणू लागलो की "काहून बडबडून राहिले?" म्हणणारी ही!

तुमच्या माणसानं तुमचं नाव काय लिहून ठेवलंय? समोर आहे तोवर विचारून घ्या.