जी खाली आहे ती

आमच्या भागात ‘खाली’ हा एकच शब्द दोन नोकऱ्या करतो. झाडाखाली, खाटेखाली म्हणताना तो मराठी असतो. डबा खाली, बस खाली, डोकं खाली म्हणताना हिंदी, म्हणजे रिकामं. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी साकोलीच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळते. सर्व्हर चालू असेपर्यंत मी कोण हे कुणाला ठाऊक नसतं, आणि बंद पडला की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे माझ्या नावाने शंख करतात. त्या सर्व्हरवर परीक्षेचं, ग्रंथालयाचं सामान होतंच. शिवाय मराठी विभागाने गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेली बायकांची गाणीही होती. त्यात माझ्या मोठ्या आईचं, म्हणजे मोठ्या काकांच्या बायकोचं, हळदीचं गाणं होतं. आमच्या गावी, एकोडीत, भावकीतल्या एकाही पोरीला तिच्या गाण्याशिवाय हळद लागली नाही. रेकॉर्डिंग मीच केलं होतं, तिच्या पडवीत बसून, विभागाच्या छोट्या रेकॉर्डरवर. पुढे तिच्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. आता ती बोटांनी आणि भुवयांनी बोलते, आणि समोरच्याला समजलं नाही की चिडते. चिडणं आमच्या घराण्यातच आहे.

तिच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग माझ्या मोबाइलकडे बोट केलं. नातीला हळद तिच्याच गाण्याने लागणार होती. मी म्हटलं, आणते की, त्यात काय मोठंसं.

इथे डिस्कचं थोडं सांगायला हवं. डिस्कचे भाग पाडतात त्याला पार्टिशन म्हणतात. आपल्याकडे धुरे म्हणजे मातीचे बांध घालून धानाच्या शेताच्या बांध्या पाडतात, तसंच. प्रत्येक भागावर त्याचा प्रकार नोंदलेला असतो, म्हणजे आत काय आहे ते कॉम्प्युटरला कळतं. अडचण अशी, की एक बांधी तुडुंब आणि शेजारची कोरडी असली तरी धुरा आडवा येतो. म्हणून सर्व्हरवर एलव्हीएम नावाची व्यवस्था वापरतात. ती दोन-तीन डिस्क एकत्र धरून एकच मोठी जागा मानते, आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी त्यातून काढून देते. सोय झकास. गोम एवढीच, की सामान दोन्ही डिस्कवर मिळून पसरलेलं असतं. एक डिस्क उचलली की उरलेल्या डिस्कवर नुसते तुकडे राहतात.

आमचा सर्व्हर स्वतः आतल्या एका छोट्या डिस्कवर चालतो. सामानाच्या तीन डिस्क एकाखाली एक बसवलेल्या. वरच्या दोन एलव्हीएमच्या. सगळ्यांत शेवटची जुनी, बिघडलेली, नुसती जागा अडवून बसलेली. तिला काढून तिथे बॅकअपची नवी डिस्क बसवायची होती, कारण गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यासाठी मी किती दिवस कार्यालयाच्या मागे लागले होते ते विचारू नका. नवी डिस्क आली तेव्हा मी नेमकी बस्त्यासाठी भंडाऱ्याला गेलेली. लॅबच्या सरांनी उत्साहाने सर्व्हर बसवून देणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या मुलाला फोन लावला आणि कोणती डिस्क काढायची ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आले तर सर्व्हर चालू होता, पण गाण्यांचा अख्खा विभाग गायब. पडद्यावर एकच तक्रार: एक डिस्क सापडत नाही. मी सर्व्हरची पेटी उघडली. बिघडलेली डिस्क तळाशी सुखाने बसली होती. मधल्या जागेत नवी कोरी डिस्क होती.

सर माझ्यामागे येऊन थांबले होते. माणूस सरळ, पण अति व्यवस्थित. ते म्हणाले, “मॅडम, त्यानं सांगतलं, जी खाली आहे ती काढा. मी एकेक पायली. एकच डिस्क खाली दिसून राहिली होती. मंग तेच काढली.”

मला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा हसू की डोकं आपटू असं झालं. पुण्याच्या मुलाने तळाची म्हटलं होतं. सरांनी रिकामी ऐकलं. आणि बिचाऱ्यांनी तपासूनही पाहिलं होतं! बिघडलेल्या डिस्कवर जुनी पार्टिशन दिसत होती. सगळ्यांत वरच्या डिस्कवर एलव्हीएमचं एक पार्टिशन होतं. मधली मात्र कंपनीच्या माणसाने बसवताना पार्टिशन न पाडताच अख्खीच्या अख्खी एलव्हीएमला दिलेली. तिच्यावर धुरा नाही, प्रकार नाही. पाहणाऱ्याला ती कोरीच वाटणार.

मी विचारलं, ती डिस्क आहे कुठे. सरांनी अभिमानाने सांगितलं, वाया जाऊ नये म्हणून आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडली आहे. त्या कॉम्प्युटरने विचारलं, नवी डिस्क आहे, तयार करू का? आणि सरांनी हो म्हटलं.

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नंतर पुण्याला फोन लावून त्या मुलालाही झाडलं. तो शांतपणे म्हणाला, “पण मॅडम, खाली म्हणजे खालीच ना?” मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मुकाट्याने काम करणाऱ्या यंत्राने दगा दिला असता तर चाललं असतं. आमच्याच बोलीने घात केला होता. आणि हळद आठवड्यावर आली होती.

सरांनी फक्त ‘हो’ म्हटलं होतं, पुढे काही भरलं नव्हतं, हे आमचं नशीब. त्या एका होकाराने डिस्कच्या टोकाशी लिहिलेली तिची ओळख पुसली गेली होती, मधल्या सामानाला हात लागला नव्हता. एलव्हीएम आपल्या मांडणीची नक्कल सर्व्हरच्या स्वतःच्या छोट्या डिस्कवर ठेवतं. मी डिस्क परत मधल्या जागेत बसवली आणि त्या नकलेवरून जुनी ओळख पुन्हा लिहिली. एण्टर दाबताना डोळे मिटून घेतले होते. विभाग उघडला. गाणी जागच्या जागी होती. सर चहा घेऊन आले. मी घेतला, तीच माझी माफी.

हळदीच्या दिवशी मांडवात मी स्पीकर लावला. घाईत फाइल तशीच आणलेली. गाण्याआधीचं आमचं बोलणं कापायचं राहून गेलं होतं. नातीच्या गालाला हळद लागली आणि स्पीकरमधून मोठ्या आईचा खणखणीत आवाज आला.

“काय वो पोरी, एवढ्याशा डबीत माहा आवाज मावते काय?”

मग गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली असतील, मोठ्या आईने हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, सहन होत नसेल. मी बंद केलं. तिने बोट उलटं फिरवलं: पहिल्यापासून. मी पुन्हा लावलं. गाणं सुरू होताच पुन्हा हात वर. मी गोंधळले, ती चिडली, जोरात बोट फिरवलं. तिसऱ्यांदा मला कळलं. गाणं तिला नकोच होतं. गाणं गावातल्या चार बायकांना पाठ आहे. तिचं साधं बोलणं मात्र आम्ही कुणी, कधी, कुठेच ठेवलं नव्हतं. एवढं एक वाक्य, तेही चुकून.

मी ते पुन्हा लावलं. ती स्पीकरजवळ सरकली आणि त्या वाक्याबरोबर ओठ हलवू लागली. वाक्य संपलं की स्पीकरमधून माझंच हसणं येत होतं आणि माझंच उत्तर.

“मावते ना, मोठी आई. सारी खाली आहे. बोल तू, किती बी बोल.”